रेडमधून तीच हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा बाहेर पडते? नवी डिस्क घेण्याआधी हे तपासा

लक्षण असं असतं. घरच्या फाइल सर्व्हरवर तीन-चार हार्ड डिस्कचा रेड आहे (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्क; या जोडणीलाच अ‍ॅरे म्हणतात) आणि सगळं नीट चालू आहे. एके सकाळी मेल येतो की अ‍ॅरे डिग्रेड झाला, एक डिस्क बाहेर पडली. तुम्ही मशीन बंद करून पुन्हा चालू करता, तर डिस्क दिसते, स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःचीच केलेली, चाचणीही पास होते. मग ती परत अ‍ॅरेमध्ये घालता, सात-आठ तास रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा लिहिणं, चालतो आणि स्थिती पूर्ववत होते. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तोच मेल.

आमच्या घरी हे जवळजवळ वर्षभर चाललं. त्या काळात मी एक धडधाकट डिस्क खराब समजून काढून ठेवली आणि तिच्या जागी नवी आणली. नवी डिस्क अकराव्या दिवशी बाहेर पडली. तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. अ‍ॅरेने डिस्क बाहेर काढली म्हणजे डिस्क मेली असं नाही. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, जे मागितलं ते त्याला वेळेत किंवा धड मिळालं नाही, एवढंच अ‍ॅरेला कळलेलं असतं. दोष डिस्कचा असेल, तिच्यापर्यंत जाणाऱ्या केबलचा असेल, विजेचा असेल, नाहीतर नुसत्या वाट पाहण्याच्या वेळेचा. मेल मात्र चारही वेळा सारखाच येतो. आमच्याकडे यातली तीन कारणं एकामागून एक निघाली, म्हणून ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने सांगते.

आधी मशीन सांगते. आम्ही अकोल्यात राहतो. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना टॉवर, त्यात चौथ्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम. बूटसाठी छोटी एसएसडी, आणि ४ टीबीच्या तीन डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे वापरायला ८ टीबी. डेबियन या लिनक्सवर चालणारं ओपनमीडियाव्हॉल्ट हे फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं आहे. दादा लग्नांचे फोटो काढतो, त्याचं काम त्यावर असतं. बाबांचे स्कॅन केलेले सातबारा उतारे, खरेदीखतं आणि घरातले वीस वर्षांचे फोटोही तिथेच आहेत. खर्च झाला तो मुख्यतः डिस्कचाच.

‘जुन्या मशीनवर रेड कशाला’ असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडवरचा निबंध मांडला, तेव्हा त्या नावातल्या ‘आय’चा अर्थ ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे स्वस्त असा होता. मेनफ्रेमच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या साध्या डिस्क एकत्र लावा आणि त्यातली एखादी जाणारच हे धरून चाला, असा त्यांचा मुद्दा होता. आपण घरी करतो ते त्या मूळ कल्पनेच्या बरंच जवळचं आहे.

दुरुस्तीआधी कॉपी

रेड ५ डिग्रेड असताना तुमच्याकडे कुठलंही संरक्षण उरलेलं नसतं. आणखी एक डिस्क गेली की सगळं गेलं. रीबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो, म्हणजे ज्या वेळी आधार नाही नेमक्या त्याच वेळी त्या डिस्कवर सर्वात जास्त ताण येतो. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण त्या भरवशावर दुसऱ्यांचे लग्नाचे फोटो ठेवायला माझं मन धजत नाही.

म्हणून मेल आला की आधी यूएसबी डिस्क लावा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते कॉपी करा. कागदपत्रं आधी, मग फोटो, सिनेमे सर्वात शेवटी. त्यानंतरच पेचकस हातात घ्या. रेड हा बॅकअप नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण चुकून डिलीट झालेलं फोल्डर रेड तितक्याच इमानदारीने तिन्ही डिस्कवरून डिलीट करतो, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. आमची दुसरी प्रत आता पुण्यात ताईकडे असते आणि दिवाळीला ती येते तेव्हा ताजी होते.

आणखी एक. पेटी उघडण्याआधी प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर पाहून घ्या आणि शेवटचे चार अंक कागदाच्या पट्टीवर लिहून डिस्कच्या बाहेर दिसणाऱ्या कडेला चिकटवा. एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका. डिग्रेड अ‍ॅरेमधून चुकीची, म्हणजे चालू असलेली डिस्क उपसली तर पुढचा त्रास आपणच ओढवून घेतो.

लॉग काय म्हणतो ते वाचा

रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये चालू डिस्कसाठी ‘यू’ आणि गेलेल्या डिस्कसाठी खालची रेघ दिसते, त्यावरून कुठली जागा रिकामी झाली ते कळतं. का झाली ते मात्र कर्नलच्या लॉगमध्ये असतं. मेल किती वाजता आला ते बघा आणि त्याआधीची दोन मिनिटं वाचा. मशीन रीस्टार्ट करण्याआधीच लॉग वेगळा काढून ठेवा. मी पहिल्या तीन वेळा हे केलं नाही आणि पुरावा गेला.

तिथे तीन प्रकारच्या ओळी सापडतात. ‘आयसीआरसी’ हा शब्द दिसला तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला, म्हणजे संशय केबलवर. ‘यूएनसी’ दिसला तर डिस्कच्या तबकडीवरचा सेक्टरच वाचता आला नाही. आणि नुसतं ‘लिंक डाउन’, ‘हार्ड रीसेटिंग लिंक’, मग शांतता असं असेल तर डिस्क क्षणभर गायब झाली होती. तिथे आधी विजेकडे बघा.

या तिन्हींशी जुळणारे स्मार्टचे आकडेही असतात. १९९ क्रमांकाचा आकडा सीआरसी चुका, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या वेळा, मोजतो. ५ क्रमांकाचा बदललेले सेक्टर मोजतो, १९७ क्रमांकाचा वाचायचे अडून राहिलेले. स्मार्टचा ‘पास’ हा शेरा वाचून थांबू नका. डिस्क बरीच बिघडल्याशिवाय तो बदलत नाही. कच्चे आकडे तारखेसह वहीत लिहा, कारण आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं. १९९ चा आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही. तो फक्त वाढायचा थांबतो.

पहिलं कारण : केबल

आमच्याकडे लॉगमध्ये आयसीआरसी होता आणि तिसऱ्या डिस्कचा १९९ चा आकडा दर आठवड्याला वाढत होता. नव्या डिस्कवर तो शून्यापासून सुरू होऊन अकरा दिवसांत तीस-चाळीसवर गेला. जागा तीच, केबल तीच, डिस्क मात्र वेगळी. याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

तरीही थेट नवी केबल न लावता मी आधी दोन डिस्कच्या केबलींची अदलाबदल केली. चुका केबलबरोबर दुसऱ्या डिस्ककडे गेल्या तर केबल दोषी, त्याच डिस्कवर राहिल्या तर डिस्क किंवा मदरबोर्डचा पोर्ट, आणि त्या दोघांतलं कोण ते नंतर पोर्ट बदलून कळतं. ही चाचणी फुकट होते. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत केबल, पोर्ट आणि डिस्क एकदम बदलली तर त्रास थांबेलही, पण कशामुळे थांबला ते कळणार नाही आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चुका केबलबरोबर गेल्या. नीट पाहिलं तर टॉवरचं बाजूचं झाकण लावलं की ती केबल डिस्कच्या तोंडाशीच काटकोनात दाबली जात होती. जुन्या केबलींना खटक्याची क्लिपही नव्हती. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून क्लिपच्या, अर्ध्या मीटरच्या तीन केबली ताईने पाठवल्या. जिथे झाकण दाबतं तिथे तोंड वळवलेली केबल लावली. आकडा २१४ वर थांबला. काढून ठेवलेली जुनी डिस्क पूर्ण तपासून आता बॅकअपसाठी वापरते, तिच्यात काहीही दोष नाही.

दुसरं कारण : वीज

दोन महिने शांततेत गेले. मग मे महिन्यात, संध्याकाळी लाइट जायला लागली तेव्हा, एकाच सेकंदाला दोन डिस्क बाहेर पडल्या. रेड ५ मधून दोन डिस्क गेल्या की अ‍ॅरे थांबतो, आणि त्या संध्याकाळी तो थांबला. दादाच्या एका ऑर्डरचे फोटो त्यावर होते.

एकदम दोन डिस्क खरोखर मरणं ही फार विरळ गोष्ट आहे. एकाच क्षणी दोन गेल्या की त्या दोघींमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं. आमच्याकडे ते होतं वीज पुरवणारं स्प्लिटर. जुन्या टॉवरच्या एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) डिस्कसाठी दोनच तोंडं निघत होती, म्हणून एका साटा (आजच्या डिस्कची नेहमीची जोडणी) तोंडातून तीन डिस्कला वीज दिली होती. इथे साधं गणित आहे. साटाच्या वीज-जोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, एकूण साडेचार. साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरायला लागते तेव्हा ती १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. तीन डिस्क एकदम सुरू झाल्या तर सहा. रोज थोडं थोडं तापून स्प्लिटरच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. अशी जोडणी पेटूही शकते, त्यामुळे याला किरकोळ समजू नका. एका साटा तोंडातून अनेक डिस्क चालवू नका. वीज वाटून घ्यायचीच तर ती जुन्या, जाड पिनांच्या मोलेक्स तोंडातून घ्या. अ‍ॅडॉप्टरही प्लॅस्टिक ओतून बंद केलेला नको, तारा स्वतंत्र दाबून बसवलेला घ्या. आम्ही शेवटी एसएमपीएसच बदलला, पुरेशी तोंडं असलेला घेतला.

दुसरा भाग इन्व्हर्टरचा. आपल्याकडे बऱ्याच घरांत कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि लाइट गेली तरी तो बंद पडत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. एटीएक्स या पीसीच्या मानकानुसार वीज तुटल्यावर एसएमपीएसने सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरायला हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तनच वीस मिलिसेकंदांचं. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बदलायला याहून जास्त वेळ लागू शकतो. पंखा, दिवा यांना कळतही नाही, डिस्कला कळतं. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण आहे का ते बघा. आमच्याकडे होतं, बसवल्या दिवसापासून कोणी ते फिरवलं नव्हतं. आता तो मोडही लावला आहे आणि सर्व्हरला स्वतंत्र छोटा यूपीएसही आहे. बॅटरी उतरली की यूपीएस यूएसबीवरून सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

थांबलेला अ‍ॅरे परत कसा आणला, तेही सांगते, कारण बरेच जण इथेच सगळं गमावतात. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या साधनात ‘क्रिएट’ नावाची आज्ञा आहे. घाबरून ती देऊ नका. ती जुनी रचना वाचत नाही, नवी लिहिते. आधी ‘एक्झामिन’ने प्रत्येक डिस्कवरचा ‘इव्हेंट्स’ आकडा पाहा. अ‍ॅरेमध्ये काही बदल झाला की हा आकडा वाढतो, बाहेर पडलेल्या डिस्कवर तो तिथेच अडकतो. आमच्याकडे तिन्ही आकड्यांत दोन-चारचाच फरक होता, म्हणजे दोन्ही डिस्क जवळपास ताज्याच होत्या. अशा वेळी ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडून अ‍ॅरे उभा राहतो. पण एखादी डिस्क आठवड्यापूर्वीच बाहेर पडलेली असेल तर तिचा आकडा खूप मागे असेल. तिला जबरदस्तीने आत घेतलं तर जुना आणि नवा डेटा मिसळेल. अ‍ॅरे उभा राहिल्यावर फाइल सिस्टिमची तपासणी आधी काहीही न लिहिणाऱ्या पद्धतीने केली, मग रीड-ओन्ली जोडून सगळं बाहेर कॉपी केलं. दादाचे फोटो सगळे मिळाले.

तिसरं कारण : कर्नलचा संयम संपतो

हे कारण मला सर्वात उशिरा समजलं, आणि स्वस्तातला सर्व्हर बांधणाऱ्या प्रत्येकाने ते आधीच तपासावं असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर एक नंबरच्या जागेवरची डिस्क बाहेर पडली. लॉगमध्ये यूएनसी, १९७ चा आकडा ८. म्हणजे एक लहानसा भाग वाचता येत नव्हता. पण एवढ्याने डिस्क बाहेर पडायला नको. रेड ५ ची पॅरिटी म्हणजे खतावणीतल्या बेरजेसारखी : एक आकडा पुसला गेला तरी बाकीचे आकडे आणि बेरीज यांवरून तो काढता येतो. डिस्कने ‘हा सेक्टर वाचता येत नाही’ असं सांगितलं की लिनक्सचा रेड बाकीच्या डिस्कवरून ती माहिती काढतो, त्याच जागी पुन्हा लिहितो, डिस्क गरज असेल तर तो सेक्टर बदलून टाकते, आणि अ‍ॅरे चालू राहतो. सगळी व्यवस्था यासाठीच तर आहे.

अडचण अशी की डिस्कने ‘येत नाही’ हे वेळेत सांगायला हवं. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क एकटीच काम करते, तिच्या डेटाची दुसरी प्रत नाही असं तिच्या बनावटीत गृहीत धरलेलं असतं. म्हणून ती एकाच सेक्टरवर पुन्हा पुन्हा, कधी दोन मिनिटांहूनही जास्त, प्रयत्न करत राहते. लिनक्स कर्नल मात्र तीस सेकंदच थांबतो. डिस्क शोधत असते आणि इकडे कर्नल दार लावून घेतो : लिंक रीसेट करतो, तरीही डिस्क गुंतलेलीच असते, मग अ‍ॅरे तिला नापास करतो. एका सेक्टरपायी ४ टीबीची डिस्क बाहेर जाते.

नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये हा वेळ बहुधा सात सेकंदांवर बांधलेला असतो. अनेक डेस्कटॉप डिस्कमध्ये तो स्मार्टसीटीएल या आज्ञेच्या ‘एससीटीईआरसी’ पर्यायाने बांधता येतो. वाचण्यासाठी ७० आणि लिहिण्यासाठी ७० द्यायचे, कारण हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. आमच्या तीनपैकी दोन डिस्कनी ते मान्य केलं, तिसरी म्हणाली की ही सोय नाही. तिच्यासाठी उलटा उपाय : कर्नलचा संयम वाढवायचा. त्या डिस्कच्या ‘टाइमआउट’ फाइलमध्ये ३० च्या जागी १८० लिहायचे. अशा वेळी फाइल उघडायला कधी दोन मिनिटं लागतील, पण डिस्क आत राहील.

डिस्कमधली ही नोंद वीज गेली की बहुधा पुसली जाते आणि टाइमआउट रीबूटला परत तीसवर येतो. दोन्ही गोष्टी बूटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकल्या नाहीत तर पुढच्या लोडशेडिंगला तुम्ही पुन्हा मूळ जागी याल.

आणखी कुठे बघावं

रीबिल्डच मधेच अडत असेल, वेग सुरुवातीला चांगला आणि मग अगदीच कमी होत असेल, तर डिस्क एसएमआर पद्धतीची आहे का ते मॉडेल नंबरवरून तपासा. यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं उघड झालं आणि कंपनीने नंतर मॉडेलची यादी दिली. जुन्या मालातून स्वस्तात घेताना डिस्कवरचं नाव वाचून थांबू नका, मॉडेल नंबर पूर्ण जुळवा.

डिस्क यूएसबीच्या डब्यांतून लावून रेड बनवला असेल तर त्या बाहेर पडण्याचं नवल नाही. डबा मधेच झोपतो, रीसेट होतो, कधी सिरियल नंबरही लपवतो. माझं मत स्पष्ट आहे : यूएसबी बॅकअपसाठी, रेडसाठी नाही.

उन्हाळ्यात डिस्कचं तापमान रोज लिहा. आमच्याकडे खोलीच चाळिशीला टेकते. समोर साधा १२० मिलिमीटरचा पंखा लावल्यावर डिस्क ५४ वरून ४५ अंशांवर आल्या.

परत आत घेताना

कारण सापडल्यावरच डिस्क परत घाला. अ‍ॅरेवर ‘राइट-इन्टेंट बिटमॅप’ (कुठले भाग बदलले त्याची नोंद) चालू असेल तर ‘री-अ‍ॅड’ने मधल्या काळात बदललेले भागच लिहिले जातात, काम मिनिटांत होतं. बिटमॅप नसेल तर ४ टीबीला सेकंदाला १५० एमबीच्या वेगानेही साडेसात तास लागतात. बिटमॅप नंतरही चालू करता येतो.

डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची पूर्ण तपासणी आपोआप होते, ती बंद करू नका. कोपऱ्यात पडून राहिलेला खराब सेक्टर रीबिल्डच्या वेळी सापडण्यापेक्षा त्या रविवारी सापडलेला बरा. आणि एमडीएडीएमच्या मॉनिटरला ‘टेस्ट’ पर्याय देऊन मेल खरंच येतो का ते आजच पाहा. आमचा मेल पहिले चार महिने स्पॅममध्ये जात होता.

मी दर पहिल्या रविवारी रात्री वहीत चार ओळी लिहिते : तारीख, आणि तिन्ही डिस्कचे ५, १९७ व १९९ चे आकडे. पहिल्या डिस्कचा १९७ चा आकडा ८ वरून शून्यावर आला आहे, ५ चा अजून शून्यच आहे. तो हलायला लागला तर मात्र ती डिस्क मी बदलणार आहे, नवी आणून कपाटात ठेवली आहे.